सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आभासी जगात, दीड लाख किलोमीटर, धडक शून्य. मग गाडी सुरक्षित म्हणायची का?

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. पाच जणांची टीम आहे. चाकणच्या एका कारखान्याच्या आवारात सुट्या भागांच्या ट्रॉल्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये ओढणारा विनाचालक टगर तुम्ही बनवताय. वेग ताशी १५ किलोमीटरपर्यंत. कार्ला नावाच्या मोफत सिम्युलेटरमध्ये आवाराचा नकाशा उभा करून तो दीड लाख किलोमीटर चालवला, एकदाही धडकला नाही. कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर म्हणतात, "छान आहे, पण पुरावा द्या." आणि कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय की महागडा सिम्युलेशन प्लॅटफॉर्म घेतला की पुरावा त्यातूनच निघतो. तेव्हा कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा आणि अजून किती किलोमीटर चालवावं, असं तुम्ही विचारताय.

मी बारा वर्षं पुण्यात गाड्यांच्या चाचण्यांचंच काम करतोय. सुरुवात ब्रेक आणि स्टिअरिंगपासून झाली, मग ड्रायव्हरला साहाय्य करणाऱ्या यंत्रणा आल्या, आता आवारात फिरणारी विनाचालक वाहनं. त्यावरून सांगतो, की प्लॅटफॉर्मचा प्रश्न तुमच्या यादीत तिसरा-चौथा असायला हवा. सेफ्टी ऑफिसरना किलोमीटर नकोच आहेत. तुमच्या सिम्युलेटरमध्ये जे घडतं ते त्यांच्या आवारात घडेल असं का मानायचं, एवढंच त्यांना विचारायचं आहे. त्यांना ते या शब्दांत मांडता आलं नसेल, पण शंका तीच आहे आणि ती रास्त आहे.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. टगरचा मार्ग पूर्ण कुंपणाच्या आत आहे, की दोन प्लॉटच्या मधला एमआयडीसीचा रस्ता ओलांडतो? रस्ता ओलांडत असेल तर सार्वजनिक रस्त्याचे नियम लागतात आणि पुढचं बरंचसं गैरलागू होतं. विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी २०१७ पासून सांगत आलेत, त्यामुळे त्या वाटेला जाण्याआधी वकील गाठा. दुसरं, माणसं आणि टगर एकाच वाटेने चालतात की मधे रेलिंग आहे? तिसरं, पावसाळ्यातही चालवायचाय का? मी असं धरून चालतो की मार्ग आतलाच आहे, माणसं मिसळलेली आहेत आणि पावसाळा आहेच.

आधी किलोमीटरचं बघू. एखादी गोष्ट इतक्या किलोमीटरमध्ये एकदाही घडली नाही, तर तिच्या दराबद्दल काय म्हणता येतं याचा एक सोपा हिशेब आहे. ९५ टक्के खात्री हवी असेल तर चाललेल्या अंतराला तीनने भागा. तुमच्या दीड लाखांचे झाले ५० हजार. म्हणजे सिम्युलेटर अगदी शंभर टक्के खरा मानला, तरी तुम्ही छातीठोकपणे एवढंच म्हणू शकता, की धडकेचं प्रमाण ५० हजार किलोमीटरला एक याहून कमी असावं. टगर दिवसाला ४० किलोमीटर फिरत असेल आणि असे दहा टगर असतील, तर ५० हजार किलोमीटर १२५ दिवसांत होतात. साधारण चार महिन्यांनी एक धडक. हे तुम्ही सेफ्टी ऑफिसरना सांगून पाहा.

हेच गणित रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अमेरिकेतल्या रँड या संस्थेने २०१६ मध्ये मांडलं होतं. तिथे माणसं गाडी चालवतात तेव्हा दर १० कोटी मैलांमागे सुमारे १.०९ मृत्यू होतात. विनाचालक गाडीचा दर याहून कमी आहे हे केवळ गाडी चालवून दाखवायचं, तर एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल चालवावी लागेल. म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर. शंभर गाड्या ताशी २५ मैलांनी रात्रंदिवस पळवल्या तरी साडेबारा वर्षं. आणि मधे सॉफ्टवेअर बदललं तर आधीचे किलोमीटर कुठे धरायचे हा वाद वेगळाच. म्हणून या धंद्यात कुणी किलोमीटरचा आकडा पुढे केला की मी आधी विचारतो, त्यातले अवघड किती? रिकाम्या आवारात सरळ रेषेत धावलेले एक लाख किलोमीटर आणि शिफ्ट सुटताना गेटसमोर काढलेली दहा मिनिटं, यात मला दहा मिनिटांचा लॉग (गाडीने साठवलेली नोंद) जास्त कामाचा वाटतो.

आता सिम्युलेटरवर भरवसा ठेवण्याचं. यात मी स्वतः हात पोळून घेतलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी आम्ही तुमच्यासारख्याच एका वाहनावर काम करत होतो. सिम्युलेटरमध्ये ब्रेकचा हुकूम सुटला की ०.१ सेकंदात ब्रेक लागायला सुरुवात होत असे. तो आकडा कुणीतरी कधीतरी टाकलेला होता, कुठून आला ते कुणालाच आठवत नव्हतं. प्रत्यक्ष गाडीवर मोजलं तर ०.३५ सेकंद निघाले. पाव सेकंदाने काय होतं असं वाटेल. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर, तेव्हा पाव सेकंदात गाडी एक मीटर पुढे जाते. आमच्या 'पास' झालेल्या सिनॅरिओंमध्ये, म्हणजे चाचणीसाठी रचलेल्या प्रसंगांमध्ये, बरेच असे होते की गाडी माणसापासून ६०-७० सेंटिमीटरवर थांबली होती. एका दुपारी ते सगळे 'फेल' झाले. गाडीचं सॉफ्टवेअर तेच होतं.

तेव्हा पहिलं काम हे. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आवारात जा आणि नुसते ब्रेक मारा. रिकामा टगर, एक ट्रॉली, चार ट्रॉल्या. कोरडी जमीन, मग टँकर मागवून ओली केलेली. उतार असेल तर उतारावर. प्रत्येक प्रकार निदान दहा वेळा. मग तीच प्रत्येक चाचणी सिम्युलेटरमध्ये चालवा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. जिथे जुळत नाहीत तिथे सिम्युलेटर दुरुस्त करा, आणि दुरुस्त करूनही जो फरक उरतो तो लिहून ठेवा. तो उरलेला फरक हीच तुमच्या पुढच्या प्रत्येक सिनॅरिओतली सुरक्षिततेची किमान जागा. कार्लाबद्दल एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: तिथे पाऊस पाडला की फक्त कॅमेऱ्याचं चित्र बदलतं. टायर आणि जमिनीमधलं घर्षण आपोआप कमी होत नाही, ते तुम्हालाच कमी करावं लागतं. तुमच्या दीड लाखात 'पावसातले' किलोमीटर असतील तर ते बहुधा कोरड्या जमिनीवरचेच आहेत.

दुसरी ठेच सेन्सरची. त्याच कामात आमचा मुख्य लायडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर, जमिनीपासून पाऊण फुटावर होता. सिम्युलेटरमध्ये फोर्कलिफ्ट म्हणजे जमिनीपर्यंत टेकलेली एक पेटी होती, त्यामुळे लायडारला ती दर वेळी दिसायची. खऱ्या आवारात एक फोर्कलिफ्ट काटे मीटरभर वर उचलून आडवी उभी होती. आमच्या किरणांच्या वरच काटे! टगर सरळ त्यांच्या खाली शिरायला निघाला. सोबत चालणाऱ्या पोराने गाडी तातडीने थांबवायचं लाल बटण दाबलं म्हणून थांबला. सिम्युलेटरमध्ये आणखी कोटभर किलोमीटर चालवले असते तरी ही चूक सापडली नसती, कारण त्या जगात उचललेले काटे नव्हतेच.

अशा गोष्टी शोधायला मी एक साधा मार्ग वापरतो. नव्या जागेवर गेलं की पहिले दोन दिवस कॉम्प्युटर उघडायचा नाही. टगर किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या जुन्या ऑपरेटरबरोबर पूर्ण शिफ्ट फिरायचं. रात्रपाळीही सोडायची नाही. ट्रेलरच्या सावलीत कुत्रं कुठे झोपतं, हे त्याला माहीत असतं. पावसात लोक डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन पळतात, आणि वाऱ्याने फडफडणारी निळी ताडपत्री कोणत्या कोपऱ्यावर असते, हेही. बऱ्याच कारखान्यांत निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर असतं. ते मागून घ्या, मागच्या तीन वर्षांचं वाचून काढा. आमच्या एका कामात निम्म्याहून जास्त उपयोगी सिनॅरिओ त्या रजिस्टरमधून आले. आणि हसू नका, पण खंडेनवमीचाही विचार करा. यंत्रपूजेत तुमच्या टगरला झेंडूचा हार पडणारच, आणि हार अडकवायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे लायडारचं डोकं. सेन्सर झाकला गेलाय हे गाडीला स्वतःहून कळतं का, याची चाचणी आम्ही तेव्हापासून हारानेच करतो.

ओळखण्याबद्दल एक इशारा. १८ मार्च २०१८ ला अ‍ॅरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. चौकशीत दिसलं की यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू असं नाव बदलत राहिलं आणि प्रत्येक वेळी नाव बदललं की तिच्या आधीच्या हालचालीचा इतिहास पुसला जायचा. त्यामुळे ती कुठे चाललीय याचा अंदाजच बांधता येईना. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल ही शक्यता त्या रचनेत धरलेलीच नव्हती. तुमच्याकडे गोणपाट पांघरलेला माणूस कॅमेऱ्याच्या मॉडेलला, म्हणजे चित्रांवर शिकवलेल्या ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, माणूस वाटेलच असं नाही. हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलबरोबर २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांची सुमारे १० हजार चित्रं ३४ वर्गांत खुणा करून खुली केली. त्यात रिक्षा आहे, जनावरं आहेत. नुसत्या युरोपीय चित्रांवर शिकवलेल्या मॉडेलपेक्षा ती जोडून शिकवलेलं बरं चालतं. पण ती चित्रं रस्त्याची आहेत, शेडमधली नाहीत. तेव्हा तुमचा नियम असा असू द्या: समोर काहीतरी आहे एवढं कळलं की थांबायचं, ते काय आहे याचा निवाडा नंतर.

आता सिनॅरिओ लिहायचे कसे. गाडीला आवारात नुसती भटकू देऊ नका. एक प्रसंग घ्या, उदाहरणार्थ रॅकच्या आडून माणूस बाहेर येतो. त्याचा वेग, तो किती अंतरावर दिसतो, जमीन ओली की कोरडी, ट्रॉल्या किती, हे आकडे बदलत जा आणि गाडी नेमकी कुठे हरते ती रेषा शोधा. ती रेषा सापडेपर्यंत सिनॅरिओ पुरेसा अवघड झालेला नाही. याचं गणित हातानेही करता येतं आणि सिम्युलेटरच्या आधी ते करावंच. समजा दिसण्यापासून ब्रेक लागेपर्यंत ०.५५ सेकंद जातात. ताशी १५ ला तेवढ्यात २.३ मीटर संपले. ओल्या जमिनीवर ट्रॉल्यांसकट वेग सेकंदाला दीड मीटर-प्रतिसेकंद एवढाच उतरत असेल, तर पुढे ५.८ मीटर लागतात. एकूण ८.१. तुमच्या रॅकच्या कोपऱ्यावर पाच मीटरच दिसत असेल तर तिथे ताशी १५ ने जाणं चूकच, सॉफ्टवेअर कितीही हुशार असो. वेग ताशी ८ केला तर हेच अंतर तीन मीटरच्या आत येतं. अशा हिशेबातून आवाराच्या नकाशावर कोपऱ्याकोपऱ्याच्या वेगमर्यादा निघतात, आणि माझ्या अनुभवात सेफ्टी ऑफिसरना सगळ्यात आधी पटणारा कागद तोच असतो.

सिनॅरिओ धडकेपाशी संपवू नका, हेही सांगून ठेवतो. ही चूक आम्हीही वर्षानुवर्षं केली. धडक झाली की सिम्युलेटर थांबायचा आणि लाल खूण यायची. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दुसऱ्या गाडीने उडवलेली एक पादचारी महिला क्रूझ या कंपनीच्या विनाचालक गाडीसमोर येऊन पडली. गाडी धडकली, थांबली, आणि मग बाजूला उभं राहण्यासाठी पुन्हा निघाली. ती बाई खाली अडकलेली असताना सुमारे सहा मीटर. त्या महिन्यातच कॅलिफोर्नियाने क्रूझचा विनाचालक परवाना स्थगित केला. तुमचा टगर कशाला तरी टेकला की पुढे काय करतो? स्वतःहून पुन्हा निघतो का? पुन्हा चालू करायला माणूसच लागेल असं करा आणि त्याची वेगळी चाचणी ठेवा.

लॉग रिप्लेबद्दल, म्हणजे साठवलेल्या सेन्सरच्या नोंदी सॉफ्टवेअरला पुन्हा दाखवण्याबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे बहुधा करत नाही आहात. मला विचाराल तर पैसे घालायचे तर आधी इथे घाला. सगळ्या सेन्सरची घड्याळं एकमेकांशी जुळलेली असली पाहिजेत. कॅमेरा आणि लायडार यांच्यात ५० मिलिसेकंदांचा फरक असला तर चालणारा माणूस दोन जागी दिसतो आणि तुम्ही महिनाभर मॉडेलला दोष देत बसता. घड्याळं जुळली की रोजचे लॉग साठवा आणि सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती त्यांवरून चालवा. मात्र एक मेख आहे. लॉगमधला माणूस तुमच्या जुन्या गाडीला बघून चालला होता. नवी आवृत्ती आधीच थांबली, तरी लॉगमधला माणूस जुन्याच गाडीला वाट देत राहतो. म्हणून रिप्ले हा 'दिसलं का' यासाठी वापरा. 'काय केलं' याची परीक्षा सिम्युलेटरमध्ये घ्या, जिथे माणूसही गाडीकडे बघून वागतो.

या दोहोंची सांगड घालायची चांगली रीत वेमो या अमेरिकेतल्या विनाचालक गाड्यांच्या कंपनीने दाखवली. २०२० मध्ये त्यांनी फिनिक्स भागातल्या ६१ लाख मैलांचा हिशेब जाहीर केला. त्यात ४७ स्पर्श-धडका मोजल्या होत्या. प्रत्यक्षात घडलेल्या १८, आणि उरलेल्या २९ अशा, की जिथे आतल्या माणसाने गाडी हातात घेतली आणि नंतर सिम्युलेटरने सांगितलं की घेतली नसती तर धडकली असती. तुमचं लाल बटण दाबलं गेलं की प्रत्येक वेळी हेच करा. बटणाची नोंद 'खबरदारी म्हणून दाबलं' एवढ्यावर मिटवू नका.

मग प्लॅटफॉर्म. तुमच्या टीमला आज विकत घ्यायची गरज दिसत नाही. कार्ला पुरे आहे, फक्त तो सिंक्रोनस मोडमध्ये (सिम्युलेटर तुमच्या सॉफ्टवेअरसाठी थांबतो), ठरलेल्या टाइम स्टेपने (वेळेच्या ठरावीक टप्प्याने) आणि ठरलेल्या सीडने (यादृच्छिक आकड्यांच्या ठरावीक सुरुवातीने) चालवा. एकच सिनॅरिओ वीस वेळा चालवून वीस वेळा तेच उत्तर येत नसेल तर बाकी आकड्यांना अर्थ नाही, म्हणून ही तपासणी आजच करा. नियोजन आणि नियंत्रणाचे सिनॅरिओ चालवायला एवढी चित्रं लागतच नाहीत, तिथे एसमिनीसारखा सिनॅरिओ चालवणारा हलका प्लेअर खूप वेगाने धावतो. ऑटोवेअर हे विनाचालक गाड्यांचं खुलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा स्वतःचा सिम्युलेटर आहे, तोही बघा. कारमेकर, व्हीटीडी, डीस्पेस अशा विकतच्या प्लॅटफॉर्मकडे तेव्हा जा, जेव्हा गाडीचा खरा कंट्रोलर (ती चालवणारा कॉम्प्युटर) बाकावर जोडून त्याला खोटं जग दाखवायचं असेल, किंवा मोठा कारखानदार ग्राहक तेच मागेल. एक अट मात्र पाळा: सिनॅरिओ ओपनसिनॅरिओत आणि नकाशा ओपनड्राइव्हमध्ये, या खुल्या साच्यांत लिहा, कुणा एकाच्या खासगी साच्यात नको. एलजीचा एसव्हीएल सिम्युलेटर बऱ्याच लोकांचा लाडका होता. कंपनीने जानेवारी २०२२ पासून त्यावरचं काम थांबवलं. ज्यांचे सिनॅरिओ त्यात अडकले ते पुन्हा लिहीत बसले.

याहून महत्त्वाचं मात्र प्लॅटफॉर्मच्या बाहेर आहे. तुमचं वाहन रस्त्यावरची गाडी नाही, विनाचालक औद्योगिक ट्रक आहे. त्यासाठी वेगळं मानक आहे: आयएसओ ३६९१-४. त्यात माणूस ओळखून थांबण्याचं काम ठरावीक विश्वासार्हतेच्या यंत्रणेने करावं अशी अपेक्षा असते, आणि व्यवहारात ते प्रमाणित सेफ्टी स्कॅनर (समोर काही आलं की गाडी थांबवणारा लेझर सेन्सर) थेट ब्रेकला जोडून केलं जातं. तुमचं मॉडेल चुकलं तरी स्कॅनर थांबवतो. असं केलंत तर मॉडेलने सिद्ध करायचं ओझं एकदम हलकं होतं, कारण आता त्याच्या चुकीची किंमत उगाच थांबणं एवढीच उरते. तोटा असा की उघड्यावर, पावसात चालणारे स्कॅनर कमी आणि महाग आहेत, आणि तेही एकाच पातळीत बघतात. उचललेले काटे त्यांनाही दिसत नाहीत. तिथे दुसरा सेन्सर किंवा 'काटे खाली ठेवल्याशिवाय फोर्कलिफ्ट उभी करायची नाही' असा आवाराचा नियम लागतो. नियमही पुराव्याचा भागच असतो, फक्त तो पाळला जातो हे दाखवावं लागतं.

तेव्हा सेफ्टी ऑफिसरना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा दीड लाखांचा आकडा पहिल्या पानावर नको. पहिल्या पानावर दावे असू द्या, अगदी चार-पाच: कोणत्या मार्गावर, किती वेगाने, कोणत्या हवामानात टगर माणसाला धडकणार नाही, आणि पाऊस किती वाढला की स्वतःहून उभा राहील. प्रत्येक दाव्याखाली तो का खरा मानायचा ते, आणि त्याखाली पुरावा: ब्रेकच्या मोजणीचे आलेख, हरण्याच्या रेषा, निअर मिस रजिस्टरमधल्या कोणत्या नोंदी तपासल्या, लाल बटण किती वेळा दाबलं आणि का. जे जमत नाही त्याचं पानही जोडा. एका कारखान्यात आमचा प्रकल्प त्या पानामुळेच मंजूर झाला. तिथल्या सेफ्टी ऑफिसर बाईंनी ते वाचलं, म्हणाल्या, "या तीन गोष्टी आम्ही आमच्या बाजूने बंद करतो," आणि दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीच्या चाचणीची तारीख दिली.

तुमचा लायडार किती उंचीवर बसवलाय ते मात्र कळवा. फूटभराच्या खाली असेल आणि वर दुसरा सेन्सर नसेल, तर सिनॅरिओ वगैरे तूर्त बाजूला ठेवा. एक फोर्कलिफ्ट मागवा, काटे मीटरभर वर घ्या आणि टगरला ताशी दोनने त्यांच्याकडे सोडा. बटण कुणाच्या तरी हातात असू द्या.